ग्रीक चांदीचं पहिलं नाणं विकत घेण्याआधी

पेरिक्लीसच्या काळात (इ.स.पू. पाचवं शतक) अथेन्सने लॉरियनच्या खाणीतली चांदी वितळवून पाडलेलं नाणं आज रीतसर विकत मिळतं. अलेक्झांडरच्या नावाचं छोटं द्राख्म (ग्रीकांचं चांदीचं नाणं) तर साध्या स्मार्टफोनच्या किमतीत येतं. ग्रीक जगातली शेकडो नगरं आपापली नाणी पाडत होती, लढाया आणि दंगलींच्या काळात लोक ती मडक्यांत भरून पुरत होते, आणि त्यातले बरेच जण ती उकरायला परत आले नाहीत. म्हणून ही नाणी एवढ्या संख्येने उरली.

नवख्या माणसाला पैशापेक्षा माहितीची टंचाई जास्त नडते. बाजारात बनावट माल भरपूर आहे, चांगल्या नाण्यांचेही कागद अर्धवट असतात, आणि भारतात राहणाऱ्याला कायद्याचे काही खास नियम लागू होतात. शिवाय १७ ग्रॅमच्या 'घुबडा'ला, म्हणजे अथेन्सच्या घुबडाचं चित्र असलेल्या नाण्याला, सोनार फक्त १७ ग्रॅम चांदीचाच भाव देईल. वरचे सगळे पैसे ते नाणं खरं आहे आणि इथवर कसं आलं ते दाखवता येतं, यासाठी मोजायचे असतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

आधी जमवायचं सामान

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, सोबत त्याची पारख करायला प्रमाण वजन
- १० पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्यांचा (धातूच्या जबड्याने कडेला ओरखडा उठतो)
- मऊ कापड किंवा ट्रे. नाणं हातातून सटकलं तर फरशीवर पडायला नको
- पीव्हीसी नसलेली पाकिटं
- एक वही किंवा स्प्रेडशीट

एवढ्यावर भागतं. यूव्ही दिवे, लोहचुंबक, 'सिल्व्हर टेस्टिंग किट' यांवर पैसे घालवू नका. लोहचुंबकाने फक्त लोखंड पकडलं जातं, आणि ग्रीक नाण्याची नक्कल लोखंडात करण्याइतके बनावटखोर भोळे नसतात. आम्लाच्या किटने तर नाण्यावरच डाग पडतो.

१. चित्राआधी वजन शिका

नवखा माणूस आधी चित्र बघतो, मुरलेला संग्राहक आधी वजन विचारतो. प्रत्येक नगराचं वजनाचं प्रमाण ठरलेलं होतं, आणि चांदीच्या नाण्यात ते बऱ्यापैकी काटेकोर पाळलं जाई.

सगळ्यात जास्त भेटेल ते अथेन्सचं, म्हणजे अ‍ॅटिक प्रमाण. त्यात एक द्राख्म सुमारे ४.३ ग्रॅमचं. ६ ओबोल म्हणजे एक द्राख्म, म्हणून ओबोल सुमारे ०.७२ ग्रॅम. चार द्राख्मांचं टेट्राद्राख्म सुमारे १७.२ ग्रॅम. अलेक्झांडरनेही हेच प्रमाण उचललं, म्हणून ते भूमध्य समुद्रापासून बाबिलोनपर्यंत पसरलं.

एजिना बेटाच्या कासवाचा स्टेटर (तिथलं मुख्य मोठं नाणं) सुमारे १२.२ ग्रॅम भरतो. कोरिंथच्या पंखवाल्या घोड्याचा स्टेटर अथेन्सच्या दोन द्राख्मांएवढा, ८.६ ग्रॅमचा, पण कोरिंथकर त्याचे तीन भाग पाडत, म्हणून त्यांचं द्राख्म २.९ ग्रॅमचं. इजिप्तच्या टॉलेमी राजांनी टेट्राद्राख्म सुमारे १४.२ ग्रॅमवर आणलं. भारताच्या वायव्येच्या ग्रीक राजांचं, म्हणजे मिनँडर, अपोलोडोटस वगैरेंचं द्राख्म जेमतेम २.४५ ग्रॅम.

ही सात-आठ वजनं पाठ झाली की निम्मा कचरा आपोआप गळतो. 'अथेन्स टेट्राद्राख्म, १४.३ ग्रॅम' असं वर्णन दिसलं तर दोनच शक्यता: नाणं आधुनिक बनावट आहे, किंवा प्राचीन काळीच तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून केलेलं मुलाम्याचं आहे. असं मुलाम्याचं नाणं जमवायला हरकत नाही, प्राचीन फसवेगिरीचा तो अस्सल नमुनाच असतो. पण त्याला चांदीच्या नाण्याची किंमत मोजू नका.

झीज, गंज आणि कापलेली कड यांनी वजन थोडं उतरतं. अथेन्सची बहुतेक चांगली टेट्राद्राख्मं १६.९ ते १७.२ च्या आसपास असतात. छोट्या नाण्यात हा फरक टक्केवारीने मोठा दिसतो, त्यामुळे ०.६५ ग्रॅमचा ओबोल पाहून घाबरू नका. ज्या जाहिरातीत वजन दिलेलंच नाही तिथे आधी वजन विचारा. उत्तर टाळलं गेलं तर पुढे जा.

२. काय जमवायचं ते ठरवा, आणि घुबडापासून सुरुवात करू नका

सगळ्यांना आधी घुबड हवं असतं: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे रोखून पाहणारं घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे आल्फा-थीटा-एप्सिलॉन ही तीन अक्षरं. इ.स.पू. ४५४ ते ४०४ या काळात ही नाणी प्रचंड प्रमाणात पाडली गेली, आणि गेल्या काही वर्षांत ती मोठ्या संख्येने बाजारात आली आहेत. म्हणजे घुबड दुर्मिळ नाही. त्याला मागणी मात्र अफाट आहे, म्हणून किंमतही चढी आणि बनावटही सगळ्यात जास्त. 'अतिदुर्मिळ घुबड' असं कोणी म्हणालं की खिशावर हात ठेवा.

पहिलं नाणं म्हणून माझं मत अलेक्झांडरच्या नावाच्या द्राख्माला. दर्शनी बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, त्याच्या हातात गरुड आणि राजदंड. (दर्शनी चेहरा अलेक्झांडरचा म्हणून विकला जातो, तो हेराक्लीसच आहे.) आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या लँप्साकोस, अबायडोस, कोलोफोन, मॅग्नेशिया, मायलीटस, सार्डिस, टिओस या टांकसाळींनी ही द्राख्मं ढिगाने पाडली. ती स्वस्त आहेत, त्यांची नोंद उत्तम झालेली आहे, आणि झ्यूसच्या समोरच्या आणि सिंहासनाखालच्या खुणांवरून टांकसाळ शोधून काढण्याचा सराव याच नाण्यावर सगळ्यात चांगला होतो.

यात एक सापळा आहे. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, पण त्याच्या नावाची नाणी पुढे दोन शतकांहून जास्त काळ पाडली जात होती. 'हयातीतलं' नाणं महाग जातं, म्हणून विक्रेते तो शब्द सढळ हाताने वापरतात. झ्यूसचे पाय समांतर असले तर हयातीतलं आणि एक पाय मागे घेतलेला असला तर मरणोत्तर, असा ठोकताळा सांगितला जातो. त्याला अपवाद बरेच आहेत. निर्णय पायांवरून करू नका, खुणांवरून करा. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या 'पेला' या मोफत ऑनलाइन सूचीत प्रत्येक खुणेची जोडी, टांकसाळ आणि काळ दिलेला आहे. तिथे क्रमांक जुळला की वाद मिटतो.

मराठी वाचकाला जवळची वाट मिनँडरची. 'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा तो हाच. त्याच्या द्राख्मावर एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महारजस त्रतरस मेनंद्रस'. इ.स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात नोंद आहे की मिनँडर आणि अपोलोडोटस यांची जुनी द्राख्मं तेव्हाही भडोच बंदरात चालत होती. पुढे पश्चिम क्षत्रपांनी याच धर्तीवर चांदीची नाणी पाडली, राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं ठेवून. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या क्षत्रपाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. मिनँडर, नहपान, सातकर्णी अशी तीन-चार नाण्यांची रांग लावली की ग्रीक नाण्याचा गोदावरीपर्यंतचा प्रवास एका ट्रेमध्ये बसतो. मिनँडरची साधी द्राख्मं अलेक्झांडरच्या द्राख्मांपेक्षाही स्वस्त मिळतात.

तिसरी वाट छोट्या नाण्यांची: ओबोल, अर्धे ओबोल, ६ ते १० मिलिमीटरचे दाणे. डोळे चांगले असतील तर यासारखी मजा नाही. बाजारहाटात प्रत्यक्ष फिरलेली नाणी हीच, आणि मोठ्या नाण्यांवर कधीच न दिसणारी नगरं इथे भेटतात.

काही जण 'प्रत्येक नगराचं एक' अशी यादी घेऊन निघतात. ती कधी पुरी होत नाही आणि पैसे पांगतात. एक नगर, एक राजा किंवा एक प्राणी धरा.

३. नाणं वाचायला शिका

गरम केलेली चांदीची चकती ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. नाणं असं घडत होतं, म्हणून चित्र एका बाजूला सरकलेलं असतं, कडेला तडे जातात, अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर राहतो. हे दोष नव्हेत. पण किंमत त्यांवर ठरते. दोन्ही बाजू मध्यावर आणि सगळी अक्षरं चकतीत असतील तर भाव दुप्पटही होऊ शकतो.

ग्रीक मुळाक्षरं एका आठवड्यात येतात, ती शिकून घ्याच. नाण्यावरचा लेख बहुधा षष्ठीत असतो: 'अलेक्झांड्रू' म्हणजे अलेक्झांडरचं, 'बासिलेओस' म्हणजे राजाचं. कोरिंथच्या घोड्याखाली कोप्पा हे जुनं अक्षर असतं. त्याच घोड्याखाली लँब्डा असेल तर नाणं लेफ्कास नगराचं, आल्फा असेल तर अँब्राकिया नगराचं.

वर्णनात वजन आणि व्यासाच्या शेजारी '९h' असं काहीतरी दिसेल. ते ठशांचं दिशामान आहे. दर्शनी बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागचं चित्र घड्याळाच्या कितव्या आकड्याकडे डोकं करतं, तो आकडा. काही टांकसाळींत हे दिशामान ठरलेलं असे, काहींत कसंही. जिथे ते ठरलेलं होतं तिथे उलटं दिशामान दिसलं की चौकशी करायची.

४. बनावट ओळखणं

इथे वेळ घाला, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

*ओतीव बनावट.* खऱ्या नाण्याचा साचा घेऊन धातू ओतलेला. भिंगातून सपाट भागात बारीक गोल खड्डे दिसतात. ते हवेचे बुडबुडे. चित्राच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत असतात. कडेवर साच्याची जोडरेघ किंवा ती लपवण्यासाठी कानशीने घासलेली पट्टी दिसते. ठोकलेल्या खऱ्या नाण्यात चित्र सपाट भागातून धारदार उठतं, धातू बाहेरच्या दिशेने वाहिल्याच्या किरणांसारख्या रेघा दिसतात, आणि कडेचे तडे आतपर्यंत तीक्ष्ण असतात.

*ठोकीव बनावट.* आधुनिक ठसे कोरून चांगल्या चांदीवर मारलेलं नाणं. वजन बरोबर, चांदी बरोबर, बुडबुडे नाहीत. यात तज्ज्ञही फसले आहेत. १९८८ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या मेसेंब्रिया आणि अपोलोनिया या नगरांची छोटी चांदीची नाणी एकदम मोठ्या संख्येने बाजारात आली. ती खरी की खोटी यावर तज्ज्ञांत जोरदार वाद झाला, आणि शेवटी ती आधुनिक ठरली. थ्रेसच्या खेर्सोनेसची सिंहाची अर्धद्राख्मं आजही मोठ्या प्रमाणावर बनावट मिळतात. स्वस्त नाण्याची नक्कल कोण करणार, हा युक्तिवाद इथे चालत नाही. स्वस्त नाणं कोणी तपासत नाही, म्हणूनच त्याची नक्कल परवडते.

हा धंदा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन कारागीर ग्रीक नाण्यांचे ठसे स्वतः कोरत असे. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून घोडागाडीला बांधत असे. बेकरची नाणी आज बेकरची म्हणूनच जमवली जातात.

घरी करण्याजोगी सगळ्यात उपयोगी तपासणी जुळवाजुळवीची. नाण्याचा फोटो घ्या आणि एसीसर्च, कॉइनआर्काइव्ह्ज यांसारख्या लिलावांच्या जुन्या नोंदींत तसंच नाणं शोधा. एका ठशाने हजारो नाणी पाडली जात, त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणी सापडणं स्वाभाविक आहे. पण दोन नाण्यांची चकतीही तंतोतंत एकच असणं अशक्य आहे. तोच तडा, तीच कडेची खाच, तितकंच सरकलेलं चित्र आणि वजनही जवळपास तेच, असं दोन वेगळ्या नाण्यांत दिसलं तर त्यातलं एक तरी दुसऱ्यावरून बनवलेलं आहे. कदाचित दोन्ही तिसऱ्यावरून.

दुसरी तपासणी विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे त्याची. टेट्राद्राख्मासारख्या मोठ्या नाण्याला ती चांगली लागू पडते:

१) कोरडं नाणं तोला. समजा १७.१६ ग्रॅम.
२) काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आणि काटा शून्यावर आणा.
३) बारीक नायलॉनच्या दोऱ्याला नाणं अडकवून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. हात कुठेतरी टेकवून स्थिर ठेवा.
४) काटा दाखवेल तो आकडा लिहा. समजा १.६५.
५) भागाकार करा: १७.१६ ÷ १.६५ = १०.४.

शुद्ध चांदीचं गुरुत्व १०.५, तांब्याचं ८.९६. अथेन्सचं किंवा अलेक्झांडरचं चांगलं टेट्राद्राख्म १०.२ ते १०.५ मध्ये यायला हवं. साडेनऊ आलं तर आत तांबं असल्याचा संशय घ्या. नाण्याला चिकटलेला एखादा बुडबुडाही आकडा खाली आणतो, म्हणून तीनदा मोजा. जमिनीत राहून चांदी स्फटिकासारखी ठिसूळ आणि सच्छिद्र झाली असेल तरी आकडा कमी येतो. अशी नाणी पडली की काचेसारखी फुटतात, त्यांना जपून हाताळा.

४.२५ ग्रॅमच्या द्राख्मावर हा प्रयोग ०.०१ च्या काट्याने करू नका. आकडा ०.४० येतो की ०.४२ यावर उत्तर १०.६ ते १०.१ असं हेलकावे खातं. त्याला ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो. आणि मोठ्या नाण्यातही ही चाचणी फक्त वाईट धातू पकडते. चांदीवर ठोकलेलं आधुनिक नाणं ती आनंदाने पास करतं.

*खऱ्या नाण्यावर केलेली कारागिरी.* झिजलेले केस सुईने पुन्हा कोरणं, खड्डे भरणं, सपाट भाग घासून गुळगुळीत करणं, चकचकीत केलेल्या नाण्यावर रसायनाने काळसर झाक चढवणं. केसांच्या रेषा धारदार आणि नाक मात्र झिजलेलं असेल तर संशय घ्या. झीज उंच भागावर आधी येते आणि कुठल्या एका अवयवाला सोडत नाही.

प्राचीन छिन्नीचा घाव मात्र वेगळी गोष्ट. इजिप्त आणि लेव्हंटमध्ये (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर) अथेन्सची घुबडं घेताना लोक आत तांबं नाही ना ते पाहायला नाण्यावर छिन्नी मारत. घाव किंमत कमी करतो, पण घावाच्या तळाशी चांदी दिसली तर आतला माल कळतो. नवख्याला कमी पैशात खरं घुबड हवं असेल तर घाव असलेलं घ्यावं, असं माझं मत.

५. विक्रेता आणि कागद

पहिली काही नाणी इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल न्युमिस्मॅटिस्ट्सच्या सदस्य विक्रेत्याकडून किंवा व्हीकॉइन्ससारख्या, विक्रेत्यांवर नियम लादणाऱ्या बाजारातून घ्या. खरेपणाची हमी मुदतीशिवाय, लेखी हवी. 'सात दिवसांत परत' ही सोय चांगली आहे, पण ती खरेपणाची हमी नव्हे. सर्वसाधारण लिलाव साइटवर, जिथे कोणीही काहीही टाकतो, तिथे निदान पहिल्या वर्षी जाऊ नका. भारतात प्राचीन वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. विक्रेत्याकडे तो आहे का, हे विचारायला लाजू नका.

प्रदर्शनांत आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत 'शेतात सापडलं', 'आजोबांच्या पेटीत होतं' अशा गोष्टींसह नाणी येतात. पहिली गोष्ट खरी असेल तर नाणं घेणं बेकायदा ठरू शकतं, खोटी असेल तर नाणंही बहुधा खोटंच. वायव्येकडच्या ग्रीक राजांची मोठी, सुबक, 'नुकतीच सापडलेली' टेट्राद्राख्मं स्वस्तात मिळत असतील तर हात जोडून निघा.

मालकीचा माग जितका मागे जाईल तितकं चांगलं. जुनी लिलाव-सूची, संग्राहकाचं हस्तलिखित तिकीट, जुनं बिल यांपैकी काहीही चालतं. १९७० हे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराचं वर्ष. त्याआधीचा कागद असलेलं नाणं विकायला, न्यायला, दान द्यायला सोपं. बहुतेक स्वस्त नाण्यांना एवढा जुना माग नसतो, पण निदान आधीच्या लिलावाचं नाव आणि तारीख मागा. आणि जे लिहिलंय ते शक्य तिथे पडताळा: २०२० मध्ये लंडनला विक्रमी किमतीला गेलेल्या, सीझरचा मारेकरी ब्रूटस याच्या सोन्याच्या नाण्याचा माग खोटा निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं.

बिलावर एवढं असायला हवं: नगर किंवा राजा, मूल्यनाम, काळ, वजन, व्यास, सूची क्रमांक, फोटो, आधीचा माग, विक्रेत्याचं नाव-पत्ता. 'जुनं चांदीचं नाणं, १ नग' असं बिल उपयोगाचं नाही.

६. लिलावात बोली कशी ठरवायची

हातोडा पडतो ती किंमत आणि तुम्ही भरता ती रक्कम यांत बरंच अंतर असतं. वर खरेदीदाराचं कमिशन लागतं, बहुधा २० ते २५ टक्के. मग पोस्ट, विमा, काही देशांत कर. म्हणून आकडेमोड उलटीकडून करा. जवळ ३०० युरो आहेत, पोस्ट-विम्याला ३५ जातील, कमिशन २५ टक्के आहे: (३०० − ३५) ÷ १.२५ = २१२. तुमची शेवटची बोली २१२ युरो, त्याच्या वर एकही नाही. भारतातलं आयातशुल्क आणि बँकेचा दरफरक यात धरलेला नाही. तो आधी वेगळा काढून ठेवा.

बोलीआधी त्याच प्रकारच्या, त्याच प्रतीच्या निदान दहा नाण्यांचे जुने निकाल पाहा. सूचीतला 'अंदाज' मुद्दाम कमी ठेवलेला असतो. फोटोही मोठा करून दाखवलेला असतो. १० मिलिमीटरचा ओबोल पडद्यावर ताटाएवढा दिसतो आणि प्रत्यक्षात हरभऱ्याच्या डाळीएवढा निघतो.

७. कायदा

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. बाळगायला बंदी नाही, आणि नोंदणीची सक्ती ज्या प्रकारच्या वस्तूंना आहे (शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं) त्यांत नाणी येत नाहीत. मात्र खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि पुढेमागे परतायचा विचार करणाऱ्या मराठी माणसाने हे आधीच लक्षात घ्यावं: भारतात आणलेलं ग्रीक नाणं पुन्हा परदेशी लिलावात विकायला पाठवता येणार नाही असंच धरून चाला. संग्रह जिथे कायम राहणार आहे तिथेच तो उभा करा.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

परदेशातून मागवताना पाकिटावर 'संग्राह्य नाणं' म्हणून खरी किंमत लिहायला सांगा. संग्राह्य वस्तूंचं सीमाशुल्क शीर्षक ९७०५ आहे. नुसतं 'चांदीचं नाणं' लिहिलं तर पार्सल वेगळ्या शीर्षकाखाली अडकू शकतं. दर बदलत असतात, म्हणून बोलीआधी कुरिअर कंपनीच्या कस्टम्स विभागाला विचारा. 'गिफ्ट' लिहून किंमत कमी दाखवू नका: पार्सल हरवलं तर विमा तेवढ्याच रकमेचा मिळतो आणि तुमचा एकमेव आयात-कागद खोटा ठरतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: २०११ पासून इटली आणि ग्रीसमधल्या काही ठरावीक प्रकारच्या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. निर्बंध लागू होण्याआधीच नाणं त्या देशाबाहेर होतं हे दाखवणारे कागद विक्रेत्याकडून घ्या.

आणि तुर्कस्तानात फिरायला गेलात तर अवशेषांपाशी कोणी मुठीतून दाखवलेलं नाणं घेऊ नका. खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर अटक होऊ शकते.

८. पार्सल आलं की

उघडतानाचा व्हिडिओ काढा. त्याच दिवशी वजन आणि व्यास मोजा, बिलाशी ताडून पाहा, ०.०२ ग्रॅमचा फरक काट्याचा असतो, ०.३ चा असेल तर नाणं बदललेलं आहे. लिलावातला फोटो आणि नाणं शेजारी ठेवून कडेचे तडे जुळवा. परत करायची मुदत कॅलेंडरवर टाका.

नाणं नेहमी कडेने धरा.

९. ठेवणं, आणि न घासणं

चांदीची भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, चिंच, सोनाराचं पॉलिश यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. शतकांची काळसर झाक घासून काढली की नाण्याची किंमत पडते आणि ती पुन्हा येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा, पाणी रोज बदला, मऊ कापडाने टिपून घ्या. हिरवट चिकट थर दिसला तर तो जुन्या पीव्हीसी पाकिटाचा असतो. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून काढला की जातो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. जांभळट-करड्या, मेणासारख्या कठीण थराला हात लावू नका. तो सिल्व्हर क्लोराइड आहे, चांदीच त्यात रूपांतरित झालेली असते. खरवडला की चित्रही जातं.

पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं टाळा. पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा कॅप्सूल घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवूड आणि ओकच्या खणांतून आम्लाची वाफ सुटते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. बँकेच्या लॉकरमध्येही दमटपणा असतो, तिथेही हाच डबा.

वहीत प्रत्येक नाण्यासमोर लिहा: वजन, व्यास, दिशामान, सूची क्रमांक, कोणाकडून, कधी, किती पैसे, आधीचा माग, दोन्ही बाजूंचे फोटो कुठे साठवले आहेत. जुनं तिकीट कितीही फाटकं असलं तरी नाण्याबरोबर ठेवा, नवं तिकीट केलं म्हणून टाकू नका. मूळ बिलं वेगळ्या फाइलमध्ये, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असलेल्या जागी.

अडलंच तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. खरी नाणी खूप वेळ पाहणं हाच डोळा तयार करण्याचा स्वस्त मार्ग. अथेन्सला जाणं झालं तर नाणेसंग्रहालय चुकवू नका. ट्रॉय खणणाऱ्या श्लीमानच्या बंगल्यातच ते आहे.